सहावर राहिलेला नॉब: कोल्हापुरातील एका औषध दुकानाचा प्रकरण अभ्यास

मावशींची बाटली

जुलै २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाची झड लागलेली असताना, राधानगरी तालुक्यातील एका गावाहून साठी ओलांडलेल्या एक मावशी शाहूपुरीतील एका जुन्या औषध दुकानात आल्या आणि पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. “पोरी, ह्ये बघ जरा, दूध नासल्यागत झालंया,” असे त्या काउंटरवरच्या तरुण फार्मासिस्टला म्हणाल्या. बाटली ३०/७० प्रकारच्या मिश्र इन्सुलिनची होती. हे इन्सुलिन मुळातच दुधाळ असते; बाटली स्थिर राहिली की पांढरा साका तळाशी बसतो आणि दोन्ही तळहातांमध्ये हलकेच घोळवल्यावर तो पुन्हा एकजीव होतो. या बाटलीत तसे होत नव्हते. कितीही घोळवली तरी बारीक कण तरंगत राहत होते आणि काचेच्या आतल्या बाजूला खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा थर चिकटलेला दिसत होता. मावशींची उपाशीपोटीची साखर, जी एरवी १३० ते १४० च्या दरम्यान असे, ती गेल्या पंधरवड्यात २७० वर गेली होती.

फार्मासिस्टने पहिला प्रश्न विचारला तो बहुतेक दुकानांत विचारला जातो तोच: “घरी कुठे ठेवता?” मावशींकडे फ्रीज नव्हता, त्या बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ती डबी ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवत. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली २५ ते ३० अंशांपेक्षा कमी तापमानात साधारण चार आठवडे चालते, नेमका काळ त्या त्या उत्पादनाच्या पत्रकात दिलेला असतो, आणि पावसाळ्यातल्या राधानगरीत मडक्यातली डबी या मर्यादेत आरामात राहते. म्हणजे मावशींचे काहीही चुकलेले नव्हते. तरीही ‘पेशंटने नीट ठेवले नसेल’ या निष्कर्षावर येऊन प्रकरण तिथेच मिटले असते, इतकी ही समजूत आपल्या व्यवसायात रुळलेली आहे. या मुलीचे कौतुक असे की तिने दुकानातल्या फ्रीजमधून त्याच खरेदीतली एक सीलबंद व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, काढली, मावशींसमोरच ती घोळवली आणि तिच्यातही तेच कण पाहिले.

त्यानंतर दुकानाच्या मालकांनी मला बोलावले. मी काही वर्षे एका रुग्णालयाच्या औषधभांडारात काम केले असून आता औषध दुकानांना साठवणुकीबाबत सल्ला देतो. दुकानात सगळे मालकांना अण्णा म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. दुकानाचे नाव त्यांच्या विनंतीवरून दिलेले नाही. हा वृत्तान्त पुढची दोन वर्षे, म्हणजे जुलै २०२४ पर्यंतचा आहे.

फ्रीज माळ्यावर का गेला

हे दुकान व्हीनस कॉर्नरच्या बाजूच्या सखल भागात आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या पुढे गेली आणि जुलै २०२१ मध्ये त्याहूनही वर चढली. दोन्ही वेळी जयंती नाल्याचे पाणी मागे फुगून या पट्ट्यातल्या दुकानांत शिरले. २०१९ मध्ये अण्णांचा सगळा खालचा माल गेला. २०२१ मध्ये त्यांनी रातोरात बराचसा वर चढवला, पण फ्रीज मात्र बुडाला. तेव्हा त्यांनी ठरवले की यापुढे किमती माल जमिनीवर ठेवायचाच नाही. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागावर लाकडी माळा आहे आणि त्यावर पत्रा. साठ्याचे खोके, एकाच वेळी जास्त उचललेला माल आणि नवा फ्रीज हे सगळे २०२१ च्या दिवाळीपूर्वी त्या माळ्यावर गेले. पुराच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. या प्रकरणातले बाकी सगळे मात्र याच निर्णयातून निघाले आहे.

फ्रीज घरगुती, एका दाराचा, १९० लिटरचा होता. अशा फ्रीजमध्ये वर बर्फाचा कप्पा असतो, त्याखाली एक थंड ट्रे, मग दोन-तीन जाळ्या आणि तळाशी भाजीचा खण. आतला नॉब १ ते ७ असा फिरतो. हे आकडे तापमानाचे नसतात. आकडा जितका मोठा तितका गारवा अधिक. मी हे इतके विस्ताराने सांगतो आहे, कारण दुकानातल्या चार माणसांपैकी दोघांना ‘२ वर ठेवले की २ अंश’ असेच वाटत होते, आणि असे वाटणारे लोक मला इतर दुकानांतही भेटले आहेत.

एप्रिल २०२२ मध्ये माळ्यावर इतके उकडू लागले की फ्रीजचा कंप्रेसर बंदच होईना. हाताखालच्या मुलाने नॉब ३ वरून ६ वर नेला. त्या दिवसांत ते बरोबरच होते. आजूबाजूची हवा तापलेली असताना यंत्राला जादा जोर लावल्याखेरीज आतले तापमान ८ अंशांच्या, म्हणजे अशा औषधांच्या वरच्या मर्यादेच्या, खाली राहत नाही. पुढे जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला आणि माळ्यावरची हवा २३-२४ अंशांवर उतरली, पण नॉब ६ वरच राहिला. उन्हाळ्यात जेमतेम पुरणारा तोच जोर पावसाळ्यात आतल्या वस्तू गोठवू लागला. उष्णतेने औषध बिघडते हे दुकानदाराला पाठ असते. थंडीनेही ते बिघडते, आणि इन्सुलिनच्या बाबतीत तर गोठणे हे थोडा वेळ उन्हात राहण्यापेक्षाही घातक ठरू शकते, हे फार थोड्यांच्या डोक्यात असते. त्यातून इन्सुलिनच्या व्हायल ठेवलेल्या होत्या सर्वांत वरच्या जाळीवर, बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली, कारण ‘गार लागणारे औषध, मग सर्वांत गार जागेत’ असा सरळ हिशोब होता.

आता येतो तो भाग मला या प्रकरणात सर्वांत जास्त शिकवून गेला. दुकानात थर्मामीटर होता. तापमानाची वहीही होती, आणि ती रोज भरली जात होती. मी वही चाळली तेव्हा मे महिन्यात ८, कधी ९ असे आकडे होते, आणि जूनच्या अखेरीपासून जवळजवळ प्रत्येक दिवशी ६. पहिल्यांदा माझ्या मनात तोच संशय आला जो कोणत्याही निरीक्षकाच्या मनात येईल: की आकडे बसल्या जागी भरले आहेत. तसे नव्हते. थर्मामीटर फ्रीजच्या दारात, बाटल्यांच्या कप्प्यात अडकवलेला होता, आणि तिथे खरोखरच ६ अंश होते. मी तीन थर्मामीटर आणून रात्रभर ठेवले. सकाळी वरच्या जाळीवर उणे १.८, मधल्या जाळीवर १.४, खालच्या खणात ४.२ आणि दारात ६.३ असे आकडे मिळाले. नोंद करणारा प्रामाणिक होता, थर्मामीटरही बिघडलेला नव्हता. फक्त औषध एका ठिकाणी होते आणि मोजणी दुसऱ्या ठिकाणी. वहीत लिहिलेले बरोबर ६ अंश हे मावशींच्या बाटलीशी काहीही संबंध नसलेले ६ अंश होते.

दारात आणखी काय होते तेही सांगायला हवे: ताकाची बाटली, मुलाचा डबा आणि शेजारच्या फुलवालीचे गजरे. त्या बाईंना नाही म्हणणे अण्णांच्या जिवावर येई. गजऱ्यांसाठी दार दिवसातून किती वेळा उघडे याची मोजदाद कोणी केलेली नाही. औषधाच्या फ्रीजमध्ये खाद्यपदार्थ किंवा इतर काही ठेवू नये हा नियम स्वच्छतेसाठी आहेच, पण त्याहून अधिक या उघड-मिटीसाठी आहे.

विकून गेलेल्या व्हायल

फ्रीजमधला सगळा माल त्याच दिवशी बाजूला काढून, खोक्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहून, विक्रीच्या मालापासून वेगळा ठेवला. त्यात मिश्र इन्सुलिन, पारदर्शक इन्सुलिनची पेन, धनुर्वाताच्या लसीच्या अँप्युल, काचबिंदूचे न उघडलेले थेंब आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठीची काही इंजेक्शने होती. मिश्र इन्सुलिनमधले कण डोळ्यांना दिसतात, म्हणून तिथे निर्णय सोपा होता. पारदर्शक इन्सुलिन गोठून पुन्हा वितळले तरी दिसायला पूर्वीसारखेच स्वच्छ असू शकते, आणि म्हणून ते अधिक फसवे. धनुर्वाताच्या लसीत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. गोठल्यावर त्यांचे कण एकमेकांना चिकटतात आणि लसीचा गुण जातो. लसीकरण केंद्रांत अशा शंकेच्या वेळी मुद्दाम गोठवून वितळवलेल्या एका कुपीबरोबर संशयित कुपी हलवून, साका बसण्याचा वेग ताडून पाहतात. दुकानात तसले प्रयोग करत बसण्यात अर्थ नव्हता. वरच्या दोन जाळ्यांवरचे सर्व काही बाद करायचे असे मी सुचवले.

अण्णा एवढ्या सहजासहजी तयार झाले नाहीत. बाद होणाऱ्या मालाची खरेदी किंमत एकतीस हजारांच्या घरात जात होती. “अहो, मुदत तर पुढच्या वर्षीची आहे,” असे ते व्हायल उलटसुलट करून म्हणत राहिले. कंपनी मुदतीची तारीख छापते ती ‘२ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका’ या ओळीसकट. ती ओळ मोडली की तारखेला आधार उरत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते तत्त्व म्हणून पटले, पण निर्णय त्यांनी मावशींची बाटली पुन्हा हातात घेतल्यावर केला. घाऊक विक्रेत्याने हा माल परत घेतला नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती. मुदत संपलेला माल परत घेण्याची व्यापारात रूढ पद्धत आहे. दुकानात गोठलेला माल तिच्यात बसत नाही. तो माल केराच्या डब्यात न टाकता, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे बाद औषधांसाठी असलेल्या पिवळ्या पिशवीतून विल्हेवाटीसाठी दिला.

खरा अवघड प्रश्न विकून गेलेल्या मालाचा होता. एरवी सदोष औषध परत मागवताना बॅच क्रमांक धरून शोध घेतात. इथे बॅच निर्दोष होती. तीच बॅच दुसऱ्या दुकानांत व्यवस्थित विकली जात होती. म्हणून शोध तारखेवरून घ्यावा लागला. फ्रीज नेमका कोणत्या दिवसापासून गोठवू लागला हे सांगणारी नोंद नव्हती, तेव्हा पाऊस लागण्याच्याही थोडे आधी जाऊन १५ जून ही तारीख धरली आणि त्यानंतरची इन्सुलिनची सर्व बिले काढली. तेरा ग्राहक निघाले. अकरा जणांना फोन लागले आणि त्यांना व्हायल बदलून दिल्या. उरलेल्या दोन बिलांवर नावाच्या जागी फक्त ‘कॅश’ लिहिलेले होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिल्या जाणाऱ्या औषधाच्या बिलावर रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव लिहिणे ही बहुतेकांना निरीक्षकासाठी करायची औपचारिकता वाटते. त्या दोन ‘कॅश’ बिलांपुढे बसल्यावर ती तशी वाटत नाही. त्यातले एक गृहस्थ पुढे आपणहून आले. दुसरी व्यक्ती कोण होती ते कळले नाही.

मावशींच्या बाबतीत बाटली बदलून देणे एवढ्यावर भागणार नव्हते. साखर चढलेली पाहून त्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच मात्रा वाढवली होती: सकाळी १८ एककांची २२ आणि संध्याकाळी १२ ची १४. ही वाढ निकामी इन्सुलिनच्या आधारावर झालेली होती. आता चांगल्या बाटलीतून तेच २२ एकक टोचले गेले असते तर साखर एकदम उतरण्याचा धोका होता, आणि गावाकडे एकटीने राहणाऱ्या साठीच्या बाईच्या बाबतीत पहाटे साखर उतरणे म्हणजे काय हे सांगायला नको. फार्मासिस्टने नवी बाटली हातात देण्याआधी डॉक्टरांना फोन करून सगळे स्पष्ट सांगितले. डॉक्टरांनी मात्रा पूर्वीची केली आणि तीन दिवस रोज साखर तपासायला सांगितली. दुकानाची चूक डॉक्टरांसमोर कबूल करणे अण्णांना जड गेले असणार, परंतु फोन करताना ते तिथेच उभे होते आणि त्यांनी तिला अडवले नाही.

याच चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. लांबच्या गावांना जाणाऱ्या ग्राहकांना दुकान इन्सुलिन देताना व्हायलला बर्फाची पिशवी रबरबँडने बांधून देत असे. हेतू चांगला, परिणाम पुन्हा गोठण्याचाच. गगनबावड्याची किंवा राधानगरीची एसटी दोन-अडीच तासांत पोहोचते. तेवढ्या वेळासाठी बर्फाची गरजच नाही. उन्हाळ्यात हवीच असेल तर पिशवी फ्रीझरबाहेर काढून तिच्यावर पाण्याचे थेंब सुटेपर्यंत थांबावे, व्हायल वर्तमानपत्रात गुंडाळावी आणि दोन्हींचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्या कितीतरी खाली असतो. घाम सुटलेला बर्फ शून्याजवळ आलेला असतो. रबरबँड त्याच दिवशी बंद झाले.

फ्रीज खाली आला. मागे भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, स्वतंत्र स्टॅबिलायझरवर, आणि स्विचवर ‘बंद करू नये’ अशी पट्टी चिकटवून तो काउंटरच्या मागे बसवला. नॉब ३ वर आणल्यावर मधली जाळी ४.१ वर आणि वरची २.८ वर स्थिर झाली. वरच्या जाळीवर आणि दारात औषध ठेवायचे नाही असे ठरले. दारात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. या बाटल्यांचा उपयोग पाहण्यासाठी एका रविवारी, आत औषध नसताना, आम्ही फ्रीज बंद करून पाहिला. बाटल्या नसताना मधली जाळी ८ अंशांवर पोहोचायला सुमारे दोन तास लागले. बाटल्या असताना सव्वातीन. वीज देखभालीसाठी बंद असते त्या दिवशी हा सव्वा तास मोलाचा ठरतो. दोन्ही जाळ्यांमध्ये किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर आला, त्याचा संवेदक पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवलेला. तसे केले म्हणजे दार उघडल्याच्या झुळकीने आकडा उडत नाही आणि औषधाला जे तापमान जाणवते त्याच्या जवळचे मोजले जाते. वहीत आता सकाळ-संध्याकाळ तीन आकडे लिहितात: त्या क्षणीचा, मागच्या नोंदीपासूनचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त. शेवटच्या रकान्यात नॉब कितीवर आहे तेही. हा शेवटचा रकाना कोणत्याही नमुन्यात मी पाहिलेला नाही. तो त्या फार्मासिस्टने घातला.

माळा

माळ्याचा प्रश्न पावसाळ्यात वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा होता. जुलैमध्ये तिथली सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ९० टक्क्यांच्या आसपास राहत होती. सुट्या डब्यातल्या ॲस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता; ओलाव्याने ॲस्पिरिनचे विघटन होऊन ॲसिटिक आम्ल सुटते, त्याचा तो वास. काही कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या होत्या आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या प्रतिजैविकाच्या उघड्या राहिलेल्या पट्टीतल्या गोळ्यांवर पिवळसर डाग आले होते, कारण क्लॅव्ह्युलॅनेटला दमटपणा अजिबात सोसत नाही. थायरॉइडच्या गोळ्यांची मोठी बाटली फोडून त्या छोट्या पुड्यांत बांधून ठेवण्याची पद्धतही इथे होती. या गोळ्यांतल्या लेव्होथायरॉक्सिनला उजेड, उष्णता आणि ओल तिन्ही बाधतात, आणि मायक्रोग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या मात्रेत थोडीशी घटही रुग्णाच्या तपासणीत दिसते. पुड्या बांधणे बंद करून मूळ बाटलीतूनच विक्री सुरू केली.

उन्हाळ्याचे आकडे मिळायला एप्रिल २०२३ उजाडावा लागला. दुपारी तीन वाजता खाली ३३ अंश असताना माळ्यावर पत्र्याखाली ४१.५ नोंदले गेले. बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर ३० अंशांच्या, काहींवर २५ अंशांच्या खाली ठेवण्याची सूचना असते. आदल्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या मालाने काय सोसले असेल याची नोंद कुठेच नव्हती, आणि सगळाच माल बाद करा असे मी सांगू शकलो नाही. वितळून पुन्हा थिजलेल्या, आकार बिघडलेल्या सपोझिटरी आणि तेल सुटलेली मलमे काढली, गोळ्यांपैकी ज्यांची मात्रा काटेकोर लागते, म्हणजे थायरॉइडच्या आणि अपस्माराच्या, त्या काढल्या, बाकीच्या ठेवल्या. ही तडजोड होती आणि ती मला आजही पूर्णपणे समाधानकारक वाटत नाही.

माळ्यावर इतका माल साचला कशाने हेही पाहणे भाग होते. दहावर एक फुकट अशा स्कीममध्ये अण्णा दोन-दोन महिन्यांचा माल उचलत. वर्षाच्या बिलांवरून हिशोब मांडला तेव्हा फुकट मिळालेल्या मालाची किंमत आणि मुदत संपून वा बिघडून बाद झालेल्या मालाची किंमत यांत फारसा फरक नव्हता. रोज हमखास जाणारी औषधे पंधरा दिवसांची, मधली महिन्याची, आणि क्वचित लागणारी पण नसल्यास जिवावर बेतणारी औषधे मोजकीच पण कधीही न संपू देता ठेवायची, असे ठरल्यावर माळ्यावरचे दोन तृतीयांश खोके आपोआप खाली मावले. पत्र्याखाली थर्माकोलचे छत आणि भिंतीला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. त्यामुळे मे २०२३ मध्ये माळ्यावरचे कमाल तापमान ३६.५ पर्यंत उतरले. ३० च्या खाली आले नाही, म्हणून तिथे आता कापूस, बँडेज, डायपर, रिकामी खोकी आणि जुनी बिले एवढेच असते. खाली वातानुकूलन यंत्र बसवा असे मी तीनदा सांगितले. अण्णा वीजबिलाचा विषय काढतात आणि बोलणे तिथेच थांबते.

खालच्या मांडणीबद्दल

याबाबत फार लिहिण्यासारखे नाही, कारण बहुतेक बाबी परिचित आहेत. नवा माल मागे आणि ज्याची मुदत आधी संपणार तो पुढे. तीन महिन्यांच्या आत मुदत संपणाऱ्या खोक्यांवर लाल ठिपका. महिन्यातून एकदा प्रत्येक खण तपासणे, एका दिवसात नव्हे तर रोज दोन खण. मुदत संपलेल्या मालासाठी वेगळी पेटी, वर ठळक अक्षरांत ‘विक्रीसाठी नाही’; १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ मध्ये परतीसाठी ठेवलेल्या मुदतबाह्य मालाबाबत नेमकी हीच अट आहे. कापलेल्या पट्टीत बॅच क्रमांक आणि तारीख असलेली बाजू शेवटपर्यंत राखून विरुद्ध टोकापासून कापत जायचे. ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्यांचे १ आणि २ मिलिग्रॅमचे एकाच कंपनीचे, जवळजवळ सारखे दिसणारे खोके शेजारी होते. ते दोन वेगळ्या खणांत गेले. शेड्यूल एच-१ ची, म्हणजे काही प्रतिजैविके, क्षयरोगाची आणि सवय लावणारी औषधे यांच्या विक्रीची नोंदवही, जी तीन वर्षे जपावी लागते, ती माळ्यावर ओलीमुळे फुगली होती. ती खाली प्लास्टिकच्या जाड पिशवीत आली.

पुन्हा नदी

फ्रीज आणि माल खाली आणल्यावर पुराचा प्रश्न अर्थातच जिथल्या तिथे उभा राहिला. ओट्याची उंची वाढवून तो सुटणारा नव्हता. २०२१ मध्ये दुकानात छातीइतके पाणी होते. म्हणून माल कायमचा वर ठेवण्याऐवजी वेळ आली की हलवायचा, असे ठरले. सर्व खण झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये मावतील अशा रीतीने लावले आणि प्रत्येक क्रेटला क्रमांक दिला. राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फुटांना पोहोचली की नव्या मालाची ऑर्डर थांबवायची, क्रेट रिकामे करून पुढे आणायचे आणि शीतपेटीसाठी बर्फाच्या पिशव्या गोठवायला टाकायच्या. ४३ फुटांना फ्रीजमधला माल आणि क्रेट हलवायचे. कुठे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. परवाना ठरावीक जागेचा असतो. औषधे घरी किंवा पाहुण्यांकडे नेऊन ठेवणे त्यात बसत नाही. राजारामपुरीच्या उंच भागातील एका परवानाधारक दुकानदाराशी अण्णांनी बोलणी केली, हलवलेल्या मालाची यादी दोघांच्या सहीने करायची असे ठरवले आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला तशी लेखी माहिती दिली. पाणी लागलेला माल, पट्टी वरून कितीही कोरडी दिसली तरी, पुसून पुन्हा खणात ठेवायचा नाही, हेही त्या कागदात लिहिले. २०१९ मध्ये काय केले होते ते मी अण्णांना विचारले नाही.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली आणि ही व्यवस्था पहिल्यांदा वापरात आली. क्रेट भरायला अंदाजे दोन तास धरले होते. प्रत्यक्षात साडेतीन लागले, कारण तीन क्रेटची झाकणे कोणीतरी माळ्यावर नेऊन ठेवली होती. शीतपेटीत बर्फाच्या पिशव्या घाम सुटल्यावरच घातल्या. राजारामपुरीत पेटी उघडली तेव्हा थर्मामीटरवर ५.२ होते आणि प्रवासातले किमान ३.४. ते आकडे वहीत लिहिले गेले. पाणी त्या वर्षी दुकानाच्या पायरीपर्यंत आलेच नाही आणि चौथ्या दिवशी सगळे परत आले. परत मांडताना यादी ताडून पाहिली तेव्हा लक्षात आले की रक्तस्रावावरच्या इंजेक्शनांचा एक छोटा खोका फ्रीजमध्येच राहिला होता; आदल्या आठवड्यात आलेला, म्हणून यादीत नसलेला. त्या चार दिवसांत वीज दोनदा गेली होती. फ्रीजच्या थर्मामीटरवर कमाल आकडा ११.६ दिसत होता. फार्मासिस्टने तो खोका ‘विक्रीसाठी नाही’च्या पेटीत टाकला, कंपनीच्या प्रतिनिधीला विचारून मग काय ते ठरवू असे अण्णांना सांगितले, आणि फ्रीजच्या यादीचा कागद भिंतीवरून काढून थेट फ्रीजच्या दारावर चिकटवला, म्हणजे नवा माल आत ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो राहील.